क्यूआर कोड सर्वांत शेवटी: परदेशी उपचारासाठी वर्गणी काढणाऱ्या सीमाभागातील मंडळांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, चिकोडी व निपाणी भागातील सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे, युवक मंडळे, महिला मंडळे, देवस्थान पंच कमिट्या आणि पतसंस्था यांचे सर्व पदाधिकारी

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गावातल्या एखाद्या मुलाला मोठा आजार निघतो, ‘परदेशात नेले तर बरे होईल’ असे कोणीतरी म्हणते आणि दोन दिवसांत बाळाचा फोटो, रिपोर्टांची छायाचित्रे आणि वडिलांच्या खात्याचा क्यूआर कोड व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. येळ्ळूर असो, कडोली असो की निपाणी, आपली मंडळे अशा वेळी मागे राहिलेली नाहीत. डॉल्बीचा खर्च कापून, महाप्रसाद साधा करून पैसे दिले गेले आहेत. या दानतीबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे आणि म्हणूनच हे पत्र लिहावेसे वाटले. पैसा जमतो. पण तो वेळेत पोहोचत नाही, पोहोचला तर कमी पोहोचतो, किंवा जो उपचार मुंबई-चेन्नईत झाला असता त्यासाठी विमानाच्या तिकिटांवर जातो. आमची मागणी एवढीच आहे की क्यूआर कोड सर्वांत शेवटी काढा, आणि तो वडिलांच्या खात्याचा नको.

आधी प्रश्न हा की मुलाला खरोखरच देशाबाहेर न्यायचे आहे का. दहा वर्षांपूर्वी दिलेला सल्ला आज लागू असेलच असे नाही. मेंदूच्या काही गाठींसाठी लागणारे प्रोटॉन किरणोपचार हे त्याचे ठळक उदाहरण. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवासुद्धा २००८ पासून आपली मुले त्यासाठी अमेरिकेला पाठवत होती. मँचेस्टरला स्वतःचे केंद्र डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाल्यावर ही धावपळ कमी झाली. आपल्याकडे २०१९ पासून चेन्नईत अपोलोचे केंद्र आहे आणि आता टाटा मेमोरियलचे नवी मुंबईतील खारघरलाही आहे. तरीही ‘प्रोटॉन म्हणजे अमेरिका’ अशी समजूत आपल्या भागात अजून ऐकू येते. जन्मजात हृदयदोषाचेही तसेच. श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया मोफत होतात, त्यांचे एक केंद्र खारघरलाच आहे. कर्करोग असेल तर टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचे लेखी मत ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून घरबसल्या मिळते. दुर्मिळ आनुवंशिक आजार असेल तर राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली ठरवून दिलेले उत्कृष्टता केंद्र गाठावे. आपल्याला जवळची दोन म्हणजे बेंगळूरची इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था आणि मुंबईचे केईएम. या धोरणात २०२२ पासून एका रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, पण ती उपचार करणाऱ्या भारतातील केंद्राकडे जाते. मूल परदेशी गेले तर ही वाट बंद होते. वर्गणी सुरू करण्याआधी हे पालकांना सांगणारे कोणीतरी हवे.

दुसरा प्रश्न लोकांना सहसा सुचत नाही. मुलाऐवजी औषधच इकडे आणता येईल का? भारतात न मिळणारे औषध एका रुग्णापुरते मागवण्याची कायद्यात सोय आहे. औषध नियमांतील फॉर्म १२ए भरून, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून, केंद्रीय औषध नियंत्रकांकडे अर्ज करायचा. मंजुरी फॉर्म १२बीवर येते. (धर्मादाय संस्थांची आयकरातली ‘१२ए’ म्हणून ओळखली जाणारी नोंदणी वेगळी. सीएकडे जाताना या दोन्हींची गल्लत होते.) स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारावरचे एका मात्रेचे जनुकीय औषध जगातल्या सर्वांत महाग औषधांपैकी एक आहे. तेही भारतात मागवून येथील रुग्णालयांत दिले गेले आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी शून्य आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणातही परदेशी दात्याच्या मूळपेशी विमानाने इकडे येतात, मूल बेंगळूर किंवा वेल्लोरलाच राहते.

एवढे चाळून झाल्यावरही काही मुले उरतात, ज्यांना जावेच लागते. एकदा बरा होऊन पुन्हा उलटलेल्या न्यूरोब्लास्टोमावर (लहान मुलांतील मज्जापेशींच्या कर्करोगावर) बार्सिलोना किंवा न्यूयॉर्कमध्ये चालणारी प्रतिपिंड उपचारपद्धती, लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी पेशी उपचारपद्धती, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी बदलून रुग्णाला परत देणे (भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालेली पहिली कार-टी पंधरा वर्षांवरील रुग्णांसाठी आहे), किंवा येथे न चालणारी एखादी औषधचाचणी. अशा मुलांसाठी उशीर घातक असतो. वर सांगितलेल्या जनुकीय औषधाच्या शिरेतून द्यायच्या मूळ रूपाला अमेरिकेत मिळालेली मान्यता दोन वर्षांखालील मुलांसाठी आहे. बाळ बावीस महिन्यांचे असताना वर्गणीची पहिली बैठक झाली, तर त्या औषधासाठी त्या बैठकीचा फारसा उपयोग नाही.

एक वाट मात्र ठामपणे नाकारा. सेरेब्रल पाल्सी किंवा ऑटिझम स्टेम सेलने (मूळपेशींनी) बरा करतो म्हणणारी केंद्रे परदेशातही आहेत आणि देशातही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांतील मान्य प्रत्यारोपण सोडले, तर स्टेम सेलचा कोणताही वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. ‘आमची चाचणी आहे, पण तुम्ही इतके डॉलर भरा’ असे कोणी म्हटले की तेथेच थांबावे. अशा केंद्रासाठी मंडळाने एक रुपयाही काढू नये, घरच्यांचा आग्रह कितीही असला तरी.

आता फाइल. परदेशी डॉक्टरला फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो उपयोगाचा नाही. एमआरआय आणि सीटी डायकॉम स्वरूपात, म्हणजे यंत्रातून निघालेल्या मूळ डिजिटल फाइल म्हणून, सीडी किंवा पेनड्राइव्हवर घ्यावे. ज्या केंद्रात तपासणी झाली तेथे लगेच मागावे. गाठीचा तुकडा तपासलेला असेल तर त्याचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेले तुकडे) आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेत असतात, पालकांनी लेखी अर्ज दिला की मिळतात. सगळे ब्लॉक एकदम पाठवू नयेत. निदान एक तरी येथे ठेवावा, कारण वाटेत गहाळ झाला तर पुन्हा तुकडा काढणे शक्य असेलच असे नाही. केमो झालेली असल्यास प्रत्येक औषधाची आजवरची एकूण मात्रा लिहून घ्यावी. हृदयावर परिणाम करणाऱ्या काही केमो औषधांना आयुष्यभराची मर्यादा असते, आणि तो आकडा नसेल तर परदेशी रुग्णालय निर्णयच घेत नाही. किरणोपचार झाले असतील तर त्यांची योजनाही डायकॉमवरच. ही फाइल तयार असेल तर पहिल्याच पत्रव्यवहारात उत्तर येते. नसेल तर एकेक कागद मागवण्यात आठवडे जातात आणि दोष मात्र ‘परदेशी लोक दाद देत नाहीत’ असा लावला जातो.

अंदाजपत्रक आले की बेरजेचा आकडा बघून पत्रक छापू नका. त्यात काय नाही ते आधी शोधा. अमेरिकेत डॉक्टरांची फी रुग्णालयाच्या बिलापासून वेगळी असू शकते. अतिदक्षता विभागाचे किती दिवस धरले आहेत, रक्त आणि प्लेटलेट धरले आहेत का, गुंतागुंत झाली तर दर काय, तपासणीसाठी पुन्हा बोलावणार असतील तर तो खर्च कोणाचा, हे लेखी विचारावे. आमच्या मते मूळ अंदाजावर चौथा हिस्सा राखीव धरल्याशिवाय लक्ष्य जाहीरच करू नये. बहुतेक ठिकाणी परदेशी रुग्णाकडून अनामत आधी घेतात. उपचार संपल्यावर उरलेली रक्कम ज्या खात्यातून आली त्या खात्यात परत येते. म्हणून पैसे कोणाच्या नावे गेले हा प्रश्न हिशेबाच्या दिवशी पुन्हा उभा राहतो.

पैशाच्या वाटेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त घोळ येथे होतात.

वडिलांच्या बचत खात्यावर अनोळखी लोकांकडून पैसे घेतले की दोन संकटे येतात. पहिले आयकराचे. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम एकूण ५० हजार रुपयांच्या वर गेली, तर ती सगळीच रक्कम वडिलांचे उत्पन्न धरली जाऊ शकते. आयकर खात्याकडे नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेकडून मिळालेल्या पैशाला यातून सूट आहे. दुसरे संकट याहून वाईट. क्यूआर कोड हजारो मोबाइलवर गेला की पैसे पाठवणाऱ्यांत एखादे सायबर फसवणुकीतले खातेही असू शकते. कुठल्यातरी राज्यात तक्रार नोंदते आणि पोलिसांच्या सूचनेवरून बँक वडिलांचे खाते गोठवते. ते सुटायला किती दिवस लागतील सांगता येत नाही, आणि अनामत भरायची तारीख कोणासाठी थांबत नाही. शिवाय पत्रकावरचा क्यूआर बदलून दुसऱ्याचा चिकटवणे फार सोपे आहे. संस्थेच्या नावाचे खाते असले की पैसे भरणाऱ्याला पडद्यावर नाव तपासता येते.

म्हणून वर्गणी नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या खात्यात घ्यावी. रोखीने देणाऱ्याला पावती द्यावी. देणगीवरची ८०जीची आयकर सवलत हवी असणाऱ्यांना आधीच सांगावे की दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. एका देणगीदाराकडून एका कामासाठी दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणे कायद्याने मना आहे, मग देणारा कितीही ओळखीचा व्यापारी असो.

येथवर आलेल्या मंडळींची गाडी पुढे एका जागी अडकते. संस्था परदेशी रुग्णालयाला स्वतः पैसे पाठवायला जाते आणि बँक नाही म्हणते. कारण रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना, म्हणजे एलआरएस, फक्त व्यक्तींसाठी आहे. ट्रस्ट, सोसायटी किंवा कंपनी यांना ती लागू नाही. शिवाय धर्मादाय संस्थेने परदेशात केलेला खर्च आयकरात धर्मादाय खर्च म्हणून सहजासहजी धरला जात नाही. तेव्हा सरळ वाट अशी. आई-वडिलांच्या संयुक्त नावे नवे खाते उघडावे. त्यात फक्त संस्थेकडूनच पैसे यावेत आणि तेथून फक्त उपचाराचेच जावेत. संस्थेने ठराव करून, सीएचे लेखी मत घेऊन, टप्प्याटप्प्याने त्यात रक्कम भरावी. पुढे आई-वडील एलआरएसखाली पाठवतात. प्रत्येकाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. उपचाराचा खर्च त्यावर जात असेल तर डॉक्टरांच्या किंवा रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर बँक जास्त रक्कमही पाठवू शकते.

बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए२ फॉर्म भरताना कारणाचा कोड नीट बघा. उपचारासाठीच्या प्रवासाचा कोड एस०३०४ आहे. काउंटरवरच्याने घाईत ‘भेट’ किंवा ‘पर्यटन’ टाकले, तर वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवरचा टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ घेते तो आयकर, उपचाराच्या कमी दराने न लागता चढ्या दराने लागतो. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण ऐन गरजेच्या महिन्यात तो अडकून पडतो. दहा लाखांची ही मर्यादा आई आणि वडील यांना वेगवेगळी आहे. दोघांचेही पॅन वापरावेत. रुग्ण आणि सोबतच्या माणसाची तिकिटे, तेथला रोजचा खर्च हेही उपचाराच्याच कारणात बसते.

स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून पैसे पाठवताना शुल्क कोणी भरायचे याचा रकाना असतो. तेथे ‘अवर’ (OUR) निवडावे, म्हणजे मधल्या बँकांचे शुल्क आपण भरतो. नाहीतर वाटेत डॉलर कापले जातात, अनामत थोडी कमी पडते आणि रुग्णालय तारीख पक्की करत नाही. मुलाचा तेथील रुग्णनोंदणी क्रमांक संदर्भात टाकावाच. विनिमय दरावर घासाघीस करता येते, आणि ती करायला लाजू नये. ५० हजार डॉलरवर डॉलरमागे ५० पैसे सुटले तर २५ हजार रुपये वाचतात. एका पालकाचे काही आठवड्यांचे जेवण त्यात निघते. खानापूर-निपाणीच्या लहान शाखांतून कागद बहुधा मोठ्या शाखेकडे जातात. त्यामुळे पैसे पाठवायच्या आठवड्यात नव्हे, त्याच्या महिनाभर आधी शाखाधिकाऱ्यांना भेटावे.

आखातात किंवा युरोपात असलेली आपली माणसे मदत करू इच्छितात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकी देणगी ठरत नाहीत. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे) कार्डधारकही, त्याचा पैसा परकी देणगी कायद्याखालची एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेने घेऊ नये. अशा हितचिंतकांना मुलाच्या मुक्कामाची, जाण्यायेण्याची सोय तिकडच्या तिकडे करू द्या. पैशापेक्षा ती मदत मोठी असते.

कागदपत्रांत सीमाभागाची स्वतःची एक अडचण आहे. आईचे शाळेचे दाखले कोल्हापूर जिल्ह्यातले, माहेरच्या नावाने आणि मराठीत. लग्नानंतरची कागदपत्रे कर्नाटकातली, कन्नडमध्ये. आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरेच. बाळंतपण मिरजेला झाले असेल तर बाळाचा जन्मदाखला महाराष्ट्राचा, पत्ता बेळगावचा. यात बेकायदेशीर काही नाही, पण व्हिसा अधिकाऱ्याला आई तीच आहे हे कागदावरून कळले पाहिजे. आधी आईची कागदपत्रे एका स्पेलिंगवर आणा, मग बाळाची. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. कित्येक दाखल्यांवर बाळाचे नावच घातलेले नसते. ते काम पहिल्या आठवड्यात उरकावे. अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांच्या सहीचे जोडपत्र डी लागते. एकच पालक सोबत जाणार असेल तर दुसऱ्याचे नोटरी केलेले संमतीपत्र जवळ ठेवावे. कन्नड आणि मराठी दाखल्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावे, उत्पन्नाच्या दाखल्यासह. नाडकचेरीचा (कर्नाटकातील स्थानिक महसूल कार्यालयाचा) तो दाखला परदेशी रुग्णालयाकडे सवलत मागतानाही कामी येतो.

अमेरिकेच्या व्हिसासाठी तीन पत्रे जुळावी लागतात. आजार काय आणि तेथेच उपचार का, हे सांगणारे येथील डॉक्टरांचे. घेण्यास तयार आहोत, इतका काळ लागेल आणि इतका खर्च येईल, असे तेथील रुग्णालयाचे. आणि उपचार, प्रवास, राहणे यांचा खर्च कोण करणार त्याचे. हे तिसरे पत्र संस्थेने स्वतःच्या लेटरहेडवर, लेखापरीक्षित ताळेबंद जोडून द्यायचे असते. येथे नोंदणी, पॅन आणि बँक खाते व्यवस्थित असलेल्या संस्थेचे वजन कळते. तातडीच्या उपचारासाठी मुलाखतीची लवकरची तारीख मागता येते.

विमानाबद्दल थोडक्यात. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या, किंवा हिमोग्लोबिन ७.५ च्या खाली असलेल्या मुलाला ती झेपेल का, हे डॉक्टरांनी लिहून द्यायला हवे. रुग्ण प्रवाशाच्या वैद्यकीय माहितीचा विमान कंपनीचा मेडिफ फॉर्म निदान चार-पाच दिवस आधी द्यावा. स्वतःचा ऑक्सिजन सिलिंडर नेता येत नाही. हवेतून ऑक्सिजन काढणारा मान्यताप्राप्त कॉन्सन्ट्रेटर चालतो, पण त्याच्या बॅटऱ्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरल्या पाहिजेत. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबई किंवा बेंगळूर आणि तेथून पुढे जायचे असेल तर मधला थांबाही त्या वेळेत धरा. औषधे हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, चिठ्ठीवर ब्रँडचे नव्हे तर घटकाचे नाव लिहून. मॉर्फिनसारखे औषध असेल तर ज्या देशात विमान बदलायचे तेथलेही नियम आधी तपासा. आखाती देश याबाबत कडक आहेत.

आता मंडळांनी नेमके काय करावे याविषयी आमचे मत. कोटींचे बिल आपल्या वर्गणीतून भागणार नाही, आणि त्याच्या मागे लागून मंडळे थकतात. पण चाचणीत औषध मोफत मिळाले किंवा रुग्णालयाने बिल माफ केले, तरी काही खर्च कोणीच देत नाही. दुसऱ्या पालकाचे तिकीट, तीन महिन्यांचे भाडे, घरी राहिलेल्या भावंडाचा सांभाळ, वडिलांची बुडालेली मजुरी, भाषांतर, परतल्यावरच्या तपासण्या. हा काही लाखांचा खर्च आपल्या आवाक्यात आहे आणि बहुतेक घरे यासाठीच अडतात. अमेरिकेत रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउससारख्या निवासांत आजारी मुलांच्या कुटुंबांना नाममात्र दरात राहता येते. त्यासाठी रुग्णालयातील समाजसेवकाने शिफारस करावी लागते, म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये ती मागावी.

तेव्हा प्रत्येक तालुक्यात एकच कायमचा निधी असावा. नोंदणीकृत संस्था एक, खाते एक, सह्या तिघांच्या, आणि सोबत दोन बालरोगतज्ज्ञ व एक सीए. मंडळांनी वर्षाच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा त्यात टाकावा. पतसंस्थांनी आपल्या धर्मादाय निधीतून, सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने, टाकावा. मूल आजारी पडल्यावर बैठक बोलावण्यापेक्षा बैठक आधीच झालेली असावी. अर्ज आल्यापासून सात दिवसांत हो की नाही हे डॉक्टरांच्या लेखी मतासह कळवावे. ‘नाही’ सांगावे लागले तर सोबत खारघर, बेंगळूर किंवा वेल्लोरचा पत्ता आणि पुढची पायरी द्यावी, नुसता नकार नको. मुलाचे आधार कार्ड आणि रिपोर्ट कुठल्याही ग्रुपवर टाकू नयेत. आजाराचे नाव, लागणारी रक्कम आणि संस्थेचे खाते एवढे पुरते.

उरलेल्या पैशाचे काय, हे पहिल्याच पत्रकावर छापा. मूल बरे होऊन पैसे उरले, प्रवासाआधीच तब्येत ढासळली, किंवा मूल दगावले, तर रक्कम तालुका निधीत जाऊन पुढच्या मुलासाठी वापरली जाईल, आणि त्याआधी या घरचे राहिलेले देणे भागवले जाईल. हे लिहिताना हात जड होतो. पण लिहिले नाही तर दुःखात बुडालेल्या बापाकडे लोक हिशेब मागायला जातात, आणि तसे होऊ देणे आपल्याला शोभत नाही. पैसे जमले आहेत म्हणून, जाण्याच्या स्थितीत नसलेल्या मुलाला विमानात बसवण्याचा आग्रहही कोणी धरू नये. डॉक्टर ‘नको’ म्हणाले की निधी त्याच्या वेदना कमी करण्यासाठी, घरच्या शुश्रूषेसाठी वापरता आला पाहिजे, आणि ठरावात तसे कलम हवे.

परतणाऱ्या मुलासाठी तिकडच्या डॉक्टरांकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. कोणती तपासणी किती दिवसांनी, कोणता आकडा आला तर लगेच कळवायचे, आणि प्रत्येक औषधाचा भारतात मिळणारा पर्याय. हा कागद निघण्यापूर्वीच बेळगावच्या बालरोगतज्ज्ञांना पाठवून त्यांची ‘मी पाहीन’ अशी संमती घ्यावी. मुलाच्या अंगात सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली औषधाची नळी) असेल तर ती ठरलेल्या अंतराने धुवावी लागते. ते करू शकणारी परिचारिका खानापूर-निपाणीत कोण, हे आधी ठरवा. रक्तातील औषधाच्या पातळीसारख्या काही तपासण्यांचे नमुने मुंबई-बेंगळूरला जातात. अहवाल यायला लागणारे दिवस धरून औषधाचा साठा ठेवावा. परतल्यानंतरच्या निदान एका वर्षाचा हा खर्च मूळ अंदाजातच धरावा.

यंदाच्या गणेशोत्सवाच्या पहिल्या नियोजन बैठकीत तालुका निधीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती. ठरावाचा मसुदा, पालकांच्या संमतीपत्राचा नमुना आणि रुग्णालयाला विचारायच्या प्रश्नांची यादी मराठी, कन्नड व इंग्रजीत तयार करून द्यायला आणि बैठकीला येऊन समजावून सांगायला आम्ही तयार आहोत.

आपले,
रुग्णसाहाय्याचे काम करणारे कार्यकर्ते
बेळगाव, खानापूर, निपाणी